न वाचलेले पान

मी एक जुनी इतिवृत्ताची वही आहे. तांबडी कापडी पाठ, तीनशे पाने आणि आता अंगावर बोटभर धूळ. एका सरकारी विद्यापीठाचा कारभार पाहणारी परिषद जे ठरवी, ते माझ्यात लिहीत. कोणाला एकही पान गुपचूप फाडता येऊ नये म्हणून माझ्या प्रत्येक पानावर क्रमांक छापला होता. मित्रांनो, याचा मला भारी तोरा होता. माझ्यात जे उमटले ते खरेच, असे मी समजत असे.

परिषदेची बारा माणसे लांब टेबलाभोवती बसत. मधोमध कुलगुरू, शेजारी कुलसचिव आणि त्यांच्या मागे कागद सावरत बसलेला लेखनिक. लेखनिकाचे अक्षर मोत्यासारखे होते. पाहुणे आले की कुलसचिव मला उघडून दाखवत आणि मी मनातल्या मनात फुलून जाई.

लेखनिकाची एक रीत होती. सभेच्या दिवशी सकाळीच तो सगळे ठराव मंजूर झाल्यासारखे कागदावर लिहून ठेवी. सभेत फक्त सूचकाचे आणि अनुमोदकाचे नाव भरायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्यात उतरवायचे. बहुतेक ठराव मंजूरच होत, त्यामुळे कोणाचे काही अडत नसे.

एका सभेत वाचनकक्षाचा विषय आला. तळमजल्यावरच्या त्या खोलीत एक बाई दृष्टिहीन मुलांना पुस्तके वाचून दाखवीत असत. एकोणीस वर्षे त्यांनी हेच काम केले. सगळे त्यांना वाचनताई म्हणत. ती खोली बंद करून तिथे परीक्षा विभागाची कपाटे ठेवावीत, असा प्रस्ताव होता.

सदस्यांत वयाने मोठ्या एक डॉक्टरबाई होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, त्या मुलांना कोणी विचारलंय का? आधी विचारा, मग बघू." कुलगुरूंनी मान डोलावली आणि विषय पुढे ढकलला. जाता जाता डॉक्टरबाईंनी खोलीत डोकावून वाचनताईंना तसे सांगितलेही.

दुसऱ्या दिवशी लेखनिकाची आई दवाखान्यात होती. त्याचे अर्धे लक्ष फोनकडे. त्याने काल सकाळी लिहिलेला तोच कागद पुढ्यात घेतला आणि जसाच्या तसा माझ्यात उतरवला. 'वाचनकक्ष बंद करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.' मला ते फार टोचले, पण मी बोलणार कशी?

पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीचाच, मागील इतिवृत्त कायम करणे, म्हणजे ते बरोबर लिहिले आहे असे सगळ्यांनी मान्य करणे. प्रती सगळ्यांच्या घरी आठवडाभर आधीच गेल्या होत्या.

"सगळ्यांनी वाचलं असेलच. कायम करायचं ना?" कुलगुरूंनी विचारले.

"कायम, कायम," सगळे म्हणाले. डॉक्टरबाईही म्हणाल्या. त्या तेव्हा पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. कुलगुरूंनी माझ्यावर सही केली.

पंधरा दिवसांनी खोलीला कुलूप लागले. वाचनताई कुलसचिवांकडे आल्या. त्यांच्या कोपराला धरून इतिहासाच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी आला होता. त्याची परीक्षा दोन महिन्यांवर होती. निरोप मिळताच डॉक्टरबाईही आल्या.

"मी हे मंजूर केलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"बाई, वहीत तसं आहे. आणि कायम करताना तुम्ही हजर होता," कुलसचिव खाली बघत म्हणाले. "कायम झालेला ठराव वर्षभर पुन्हा घेता येत नाही. माझे हात बांधलेले आहेत."

तेव्हा तो विद्यार्थी म्हणाला, "ताई, ते पान मला वाचून दाखवा ना."

वाचनताईंनी मला हातात घेतले. काही गाळायची त्यांना सवयच नव्हती. तारीख, हजर सदस्यांची नावे, विषय क्रमांक, सगळे त्यांनी सावकाश वाचले. स्वतःची खोली बंद करण्याचा ठरावही त्यांनी त्याच आवाजात वाचला. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"हे सगळ्यांनी वाचलं होतं?" त्याने विचारले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही रे बाळा. मीसुद्धा नाही."

तो त्या वर्षी परीक्षेला बसला नाही. पुढे कधी आलाच नाही. वर्ष संपेपर्यंत खोलीत कपाटे भरली होती, आणि तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. वाचनताई आता त्याच खोलीत बसून उत्तरपत्रिकांच्या पाकिटांवर क्रमांक टाकतात. माझी पाने भरल्यावर मलाही तिथल्याच एका कपाटात टाकले. कपाट उघडले की त्या मला दिसतात. त्या माझ्याकडे पाहत नाहीत आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठल्यातरी टेबलाभोवती बसाल. 'कायम' म्हणण्याआधी समोरचे पान वाचा. कोणाची तरी खोली त्यात असते. माझ्या तीनशे पानांतले एकच पान कोणीतरी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले, आणि ते वाचायची वेळ वाचनताईंवर आली.