शालनबाईंच्या हातचं पाणी

माझ्या धाकट्या भावाच्या, अनंताच्या मुलीचं, चिमीचं लग्न झालं ते १९९२ साल. त्याच उन्हाळ्यात आमच्या बेलवलीत कॉलऱ्याची साथ आली.

पाणी उकळून प्या, असं डॉक्टर सांगून गेले. बाकीच्यांनी ऐकून सोडून दिलं. अनंताने लग्नाच्या पंगतीलाही उकळलेलंच पाणी ठेवलं. सरबतात बर्फ नाही. व्याही तापले.

"पाव्हणं, हे प्यायला दिलंय की आंघोळीला?"

"आंघोळ करा, नाहीतर प्या. माझ्या मांडवातून कुणी दवाखान्यात जाणार नाही."

असा त्याचा स्वभाव. कुणाचं मन राखणं त्याला जमत नसे. सख्ख्या मावशीकडेसुद्धा पिशवीतली आपली बाटली काढायचा. मावशी म्हणायची, "माझ्या माठात काय विष हाय का रं?" हा हसून बाटलीला बूच लावायचा.

जूनमध्ये भीमरावच्या नातीचं बारसं होतं. भीमराव आणि अनंता अंबरनाथच्या एकाच कारखान्यात कामाला. पूर्वी एकदा भीमराव आमच्या घरी आला, तेव्हा आमच्या वडिलांनी, आण्णांनी, त्याला अंगणातच बसवलं आणि ओंजळीत वरून पाणी घातलं. अनंता तेव्हा दारात उभा होता. पुढे आण्णा वारले, पण ते पाणी तो विसरला नाही.

बारशाला आम्ही दोघं बहीणभाऊ गेलो. भीमरावच्या आई शालनबाईंनी स्वतः पाण्याचे पेले आणले. अनंताचा हात पिशवीत गेला. बसलेल्या बाया त्याच्या हाताकडे बघू लागल्या.

"घ्या ना, अनंताभाऊ," शालनबाई म्हणाल्या. "की घरून आणलंय?"

त्याने हात बाहेर काढला. रिकामा. "छे, द्या मावशी." एक पेला घटाघटा प्यायला आणि वर दुसरा मागितला. मी बघतच राहिले.

वाटेत विचारलं, "अरे, ते उकळलेलं होतं का?"

"कसं विचारू बाय? आण्णांचा पोरगा ना मी."

पाणी मीही प्यायले होते. मला काही झालं नाही. त्याला मात्र दुसऱ्या दिवशी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. उल्हासनगरला दवाखान्यात नेईपर्यंत डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. सलाईन लावली, पण अंगात काही टिकेना.

भीमराव आईला घेऊन धावत आला. शालनबाई खाटेपाशी उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"मी आपली थट्टेनं बोलले विठाबाई! चिमीच्या लग्नातलं कोमट पाणी मीबी प्यायले होते की. ह्यांचा स्वभाव मला ठाऊक नाही काय? आणि स्टोव्हवर चहा उकळत होता. पाणी नको, चहा द्या म्हणायचं होतं!"

चहा. मला तर ते सुचलंच नव्हतं. मी अनंताकडे पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते.

अनंता मंगळवारी दुपारी गेला, ९ जून १९९२ रोजी. शालनबाईंच्या घरी दुसरं कुणीही आजारी पडलं नाही.