केशरबाईंचा पितळी डबा

मित्रांनो, मी पितळेचा दोन पुडांचा डबा आहे. जालन्याच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि केदारखेड्याच्या केशरबाईंनी बाजारातून घरी आणलं. केशरबाई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जात, तेव्हा माझ्या वरच्या पुडात जवसाची चटणी असे आणि खालच्या पुडात ज्वारीची भाकरी.

१९७४ साली त्यांची लेक बेबीनंदा आठवीत होती. ती पळायला लागली की वेणी पाठीवर टेकत नसे. भोकरदनला तालुक्याच्या शर्यती होत्या. चार दिवस उरले असताना सरावाच्या तिसऱ्या फेरीला ती डोळ्यांपुढे अंधारी येऊन मटकन खाली बसली. शिक्षिका रजनीबाई तिला घरी घेऊन आल्या.

"सकाळी काय खाल्लं हिनं?"

"काईच न्हाई," केशरबाई म्हणाल्या. "मीच देत न्हाई. भरल्या पोटी पाय उचलत न्हाईत, बाई."

रजनीबाईंनी मला उघडून भाकरीचा तुकडा मोडला. "या भाकरीची पोटात साखर होते. ती रक्तातून पायांना मिळते, थोडी अंगात शिल्लक राहते. पण झोपेतही काळीज चालतं, श्वास चालतो. सकाळपर्यंत ती शिल्लक बरीच सरते. पळण्याच्या दोन तास आधी हिला अर्धी भाकरी द्या. पळून आल्यावर डाळ-भाकरी द्या. शिणलेल्या पायांची झीज डाळीनं भरून येते."

केशरबाई विचारात पडल्या. "मंग मी दिवसभर खुरपून राह्यले, तवा मलाबी लागत असंल की."

"बरोबर. तुम्ही जेवता कधी?"

"समदे जेवल्यावर. उरलं तर डब्यात घालून नेते."

बेबीनंदाने ते ऐकलं.

शर्यतीच्या सकाळी तिने अर्धी भाकरी आईपुढे धरली. "आधी तू खा. न्हाईतर मी पळत न्हाई."

केशरबाई हसल्या, पण खाल्लं. मग बेबीनंदानेही आपली अर्धी भाकरी खाल्ली.

मैदानाच्या कडेला मी त्यांच्या मांडीवर होतो. तिसरी फेरी आली आणि त्यांची बोटं माझ्यावर आवळली. पोरगी थांबली नाही. शेवटच्या वळणावर तिने दोघींना मागे टाकलं आणि पहिली आली. मग बाभळीखाली मायलेकींनी माझ्यातली डाळ-भाकरी बोटं चाटून संपवली. इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

त्याला आता सहा वर्षं झाली. बेबीनंदा शिकायला औरंगाबादला आहे. घरात स्टीलचा डबा आलाय, मी फळीवर काळा पडलोय. त्याचं दुःख नाही. केशरबाई हल्ली न्याहारी करूनच शेतावर निघतात.

मित्रांनो, मला चिंच लावून घासलंत तर आनंदच आहे. पण त्याआधी घरात सगळ्यांच्या मागून कोण जेवतं ते बघा, आणि आज त्या माणसाचं ताट आपल्या शेजारी मांडा.