पूल तेवढा ठेवला

इंग्रजीचे सर आणि इतिहासाच्या बाई यांचं भांडण दरवर्षी दहावीच्या वर्गात व्हायचं, आणि ते बघायला नववीची मुलं खिडकीला लटकायची. दोघं नवरा-बायको, त्यामुळे भांडण खरं की खोटं हे कुणाला सांगता यायचं नाही. त्या दोघांनाही नाही.

भांडण एका पुलावरून असायचं. इंग्रजीला युद्धावरची एक कादंबरी होती. वेढा पडलेलं शहर, हिवाळा, आणि शेवटच्या प्रकरणात एक म्हातारी आई मुलाचं प्रेत हातगाडीवर घालून पूल ओलांडते. सर ते प्रकरण मोठ्याने वाचायचे. हातगाडी पुलाच्या मध्यावर आली की त्यांचा आवाज हमखास फाटायचा, पोरींचे रुमाल बाहेर यायचे, आणि नेमक्या तेव्हाच दारातून बाई विचारायच्या, "पूल कुठला?"

"म्हणजे?"

"पूल सैन्यानं माघार घेताना आधीच उडवला होता. म्हातारी पोचली तेव्हा तिथे नुसते खांब होते."

"मग ती पलीकडे गेली कशी?"

"नावेतून. रांगेत उभी राहून."

"अहो बाई, रांगेतल्या आईवर कोण रडणार?"

"ज्याचं कुणी गेलंय तो रडेल. तुमच्यासारख्यांना पूल लागतो."

मग तास संपेपर्यंत जुंपायची. अर्धा वर्ग पुलाच्या बाजूचा, अर्धा नावेच्या. लेखकानं खोटं का लिहिलं, आणि खोटं असून ते खरं का वाटतं, हे मुलं एकमेकांच्या उरावर बसून शिकायची. घरी जाऊन पुन्हा भांडायची. पालक तक्रार घेऊन यायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. शाळेनं त्यांचा फोटो जिन्याखाली लावला, झाडू ठेवतात तिथे. सरांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. फोटोत बाई गप्प होत्या, म्हणजे त्या बाई नव्हत्याच. त्यांना एवढंच हवं होतं की त्या प्रकरणाच्या दिवशी दारातून तो प्रश्न यावा. कुणीही विचारावा, पण यावा.

आता दैवाची गंमत बघा. याच वर्षी वरून फतवा निघाला की साहित्य आणि इतिहास एकत्र शिकवायचे. त्याला 'समन्वित घटक' असं नाव होतं. जे नवरा-बायको इतकी वर्षं फुकटात करत होती, ते आता तपासणी समितीसमोर करून दाखवायचं होतं. घटकाला उद्दिष्टही होतं: 'तासाच्या शेवटी विद्यार्थी दुःखाची तीन कारणे सांगू शकेल.' सरांनी ते वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तीनच होती.

मुख्याध्यापिकेनं सरांना बोलावून घेतलं. "सर, यंदा ते तुमचं भांडण नको हं. समितीला समन्वय बघायचाय."

"भांडायला आहे कोण आता?"

मुख्याध्यापिकेला एकदम कसला तरी फोन करायचं आठवलं.

बाईंच्या जागी एक तरुण शिक्षक आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप. त्याला मुलांनी पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, 'बरोबर सर'. कुणी काही बोललं की तो म्हणायचा, "बरोबर आहे." नंदीबैलसुद्धा कधी कधी आडवी मान हलवतो, याला ती सोय नव्हती.

सरांनी त्याला शिक्षकांच्या खोलीत गाठलं. "मी पुलापाशी आलो की दारातून विचारायचं, पूल कुठला? बस, एवढंच."

"बरोबर आहे सर."

"बरोबर काय? भांडायचंय तुम्हाला माझ्याशी."

"भांडेन ना सर. तुम्ही म्हणाल तसं."

सरांनी कपाळाला हात लावला. पण दुसरं होतं कोण?

तपासणीच्या दिवशी समितीचे दोन सभासद मागच्या बाकावर बसले, एक जाड आणि एक झोपाळू. मुख्याध्यापिका त्यांच्या शेजारी. सर वाचू लागले. बर्फ पडला, हातगाडीचं चाक करकरलं, म्हातारी पुलावर चढली. सरांचा आवाज काही फाटला नाही, कारण कान सगळे दाराकडे. म्हातारी मध्यावर आली. सर थांबले.

दारात बरोबर सर उभा होता. तो आत आला, लॅपटॉप जोडला, आणि भिंतीवर एक भलामोठा दगडी पूल उमटला. कमानी, दिवे, वर कबुतरं.

"मुलांनो, हाच तो पूल. याच पुलावरून ती आई गेली."

मुलांनी वह्यांत लिहून घेतलं: पूल, दगडी, मोठा.

सर त्याच्या कानाशी वाकले. "अहो, पूल उडवला होता ना!"

"बरोबर आहे सर," तो कुजबुजला. "पण मतभेद नकोत असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. बाकी इतिहास आहे तसाच आहे. पूल तेवढा ठेवला."

"आणि हा फोटो?"

"दुसऱ्या शहराचा आहे सर. त्या पुलाचा मिळेना."

मिळेल कसा! मागे जाड सभासदानं समाधानानं मान डोलावली. साहित्य आणि इतिहास यांचा असा सुखाचा संसार त्यानं पूर्वी पाहिला नसावा.

तेवढ्यात मागून एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, शाईचे हात. "सर, भांडण कधी?"

मुख्याध्यापिकेनं डोळे वटारले. "खाली बस. इथे कुणी भांडत नाही."

"पण माझी ताई म्हणाली होती, या धड्याला भांडण होतं. आमच्याच वर्षी का नाही?"

सरांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ते दाराकडे चालू लागले. सगळ्यांना वाटलं, निघाले. मुख्याध्यापिका घाईघाईनं आभार मानायला उठल्यादेखील. पण सर उंबऱ्यावर पोचले आणि वळले.

त्या जागेवरून त्यांनी आपला वर्ग कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं त्यांचा समज होता की बाई मुद्दाम उशिरा येतात, आणि नवऱ्याचा आवाज फाटला की तोच मुहूर्त साधून त्याला तोंडघशी पाडतात. आता कळलं की इथून शिकवणारा नीट दिसतच नाही, मधे फळ्याची कड येते. दिसतात ती मुलांची तोंडं. बाई नवऱ्याकडे बघतच नव्हत्या. मुलं रडायच्या बेताला कधी येतात, तेवढं बघत होत्या.

सर थोडे नाराज झाले. मग म्हणाले, "पूल कुठला?"

"बरोबर आहे सर," बरोबर सर सवयीनं म्हणाला, "पूल नव्हताच. आधीच उडवला होता." भिंतीवर कबुतरं तशीच बसलेली. वर्ग फिस्सकन हसला. झोपाळू सभासद जागा झाला.

वेण्यावाली मुलगी अजून उभीच होती. "मग म्हातारी गेली कशी?"

"नावेतून. रांगेत उभी राहून."

"प्रेत घेऊन रांगेत?"

"हो. पुढे एक खिडकी असते. आतला माणूस विचारतो, मयताशी नातं काय? आपण सांगतो. तो म्हणतो, पुरावा आणा. पुरावा आणला की जेवायची सुट्टी झालेली असते. मग पुन्हा मागे."

हे पुस्तकात नव्हतं, भिंतीवरही नव्हतं. मुख्याध्यापिका बोटातली अंगठी फिरवत राहिली.

मुलगी मात्र हटली नाही. "सर, राग मानू नका, पण असलं कोण वाचणार? मला पूलच हवा. पुलावर ती एकटी असते, सगळ्यांना दिसते. रांगेत कोण बघतंय तिच्याकडे?"

"कुणी नाही बघत. तेच म्हणतोय मी."

"मग लेखकानं आम्हाला बघायला लावलं, त्यात चुकलं कुठे?"

हे वाक्य सरांचं होतं. वर्षानुवर्षं ते बाईंना हेच ऐकवत आले होते, आणि इतक्या चांगल्या शब्दांत त्यांना कधी जमलं नव्हतं. आता त्याच्या विरुद्ध बोलायचं त्यांच्या नशिबी आलं.

"खोटं दाखवून?" सर दारातून ओरडले.

"खोटं कसलं? तुम्हीच तर रडायचात म्हणे!" पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं, तिसऱ्यानं दुसऱ्याला, आणि जुंपली. घंटा झाली ती कुणाला ऐकू गेली नाही.

समितीला चहा थंड होण्याची काळजी होती. जाताना जाड सभासद मुख्याध्यापिकेला म्हणाला, "समन्वय छान आहे. फक्त त्या इंग्रजीच्या शिक्षकाचे स्वतःशीच मतभेद दिसतात. समज द्या त्यांना."

मुलगी दप्तर भरताना थांबली. "सर, पण पूल उडवला कुणी? त्यांच्याच सैन्यानं? आणि लोक अलीकडे असताना?"

ते सरांना ठाऊक नव्हतं. ते खातं बाईंचं होतं, आणि सरांनी त्यांना कधी विचारलं नव्हतं. "वाचून उद्या सांगतो," ते म्हणाले.

"उद्या पण भांडण?"

"उद्या पण."

बरोबर सर वायर गुंडाळत अदबीनं उभा होता. "सर, चुकलंच माझं. पूल काढून टाकू का?"

"राहू दे," सर म्हणाले. "उद्या पोरांना उडवायचाय."