इज्जाच्या नावाची फातिहा

तूरिया अमझील संसदेत बोलायला उभी राहिली की आमच्या गावातली अर्धी माणसं टीव्हीचा आवाज वाढवतात आणि उरलेली अर्धी चॅनल बदलतात. मी वाढवणाऱ्यांतला. तिच्या कार्यालयाची किल्लीच माझ्याकडे असते. कार्यालय म्हणजे पंक्चरवाल्याच्या दुकानावरची एक खोली. खाली हवेचा पंप सुरू झाला की वर चहाचे पेले थरथरतात. माझं नाव बिहि; तूरिया मानानं सी बिहि म्हणते. हयात सार्डिन मासळीच्या कारखान्यात आणि कामगार संघटनेत घालवली, आणि म्हातारपणी या बाईच्या नादी लागलो.

विरोधी पक्षाच्या खासदाराच्या हातात असतं काय? सोमवारी तोंडी प्रश्नाला दोन मिनिटं. वेळ संपली की माइक आपोआप बंद. त्या दोन मिनिटांच्या जोरावर तूरियाचं दवाखान्यातल्या डॉक्टरपासून शाळेच्या पाण्यापर्यंत सगळं विचारून झालं होतं. रुग्णवाहिकेबद्दल तर इतक्यांदा की तिला उठताना बघूनच मंत्री पाण्याचा घोट घ्यायचे. उत्तर ठरलेलं: मंत्रालय या विषयाला अत्यंत महत्त्व देतं. महत्त्व मिळून मिळून आमची रुग्णवाहिका दवाखान्यामागे विटांवर उभी होती.

मग ओढ्याच्या फरशीवर मजूर बायांची पिकअप उलटली.

आमच्याकडे शेतमजूर बाया पहाटे मौकफवर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, उभ्या राहतात. मुकादम येतो, ओळखपत्र बघतो, बोटानं निवडतो आणि पिकअपमध्ये दाटीवाटीनं उभ्या करून टोमॅटोच्या पॉलीहाऊसवर नेतो. ऊन, धूळ आणि औषधाची फवारणी, म्हणून सगळ्यांची तोंडं फडक्यात गुंडाळलेली, वर टोपी. दिसतात ते नुसते डोळे. त्या दिवशी तिघी गेल्या. त्यातली एक बराच वेळ जिवंत होती, रस्त्याकडे बघत होती म्हणे. खिशातल्या ओळखपत्रांवरून नावं लिहिली आणि दुपारच्या नमाजानंतर पुरून मोकळे झाले.

सोमवारी तूरियानं प्रश्न विचारलाच नाही. तिघींची नावं वाचली आणि म्हणाली, "यांच्यासाठी फातिहा म्हणू या." आता मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेला नाही कोण म्हणणार? सगळ्या सभागृहाला तळवे वर करावे लागले, मंत्र्यांनासुद्धा. देशभर दिसलं ते. तूरियाच्या चौकशी समितीच्या मागणीवर सरकारी बाकांवरचेही सह्या करू लागले. मजुरांच्या वाहतुकीची जबाबदारी मालकाच्या डोक्यावर घालायचा कायदा आता होणार, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

त्याच आठवड्यात एक बाई लंगडत जिना चढून आली.

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

"लल्ला तूरिया," ती मानानं म्हणाली. "त्यांनी माझ्या नावानं फातिहा म्हटली. ती परत घ्या म्हणावं."

"फातिहा काय दुकानातला माल आहे, बाई, परत घ्यायला?"

"मी महजूबा," ती म्हणाली.

हे नाव तिघींच्या नावांतलं पहिलं होतं. मी भुताखेतांना भिणारा माणूस नाही, पण हातातली किटली खाली ठेवली. तिला बसवलं, चहा ओतला. ती पेल्यांकडे बघत राहिली.

"तिसरा कुणाला?" तिनं विचारलं.

मी बघितलं तर तीन पेले भरले होते. खोलीत आम्ही दोघंच.

"तुम्हालाही दिसली वाटतं," महजूबा म्हणाली. आवाजात भीती नव्हती, थकवा होता.

तूरिया आली तेव्हा महजूबानं सगळं सांगितलं. वस्तीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्या दोघी राहायच्या, ती आणि डोंगरातली इज्जा. महजूबाचा गुडघा गेला, काम सुटलं. इज्जाच्या जन्माची नोंदच कुणी केलेली नव्हती, मग तिला ओळखपत्र कुठलं मिळणार? तिनं महजूबाचं घेतलं.

"मुकादमाला कळलं नाही?"

"तो कार्ड बघतो, लल्ला. तोंड कुठं दिसतं कुणाचं?"

"आणि मेल्यावरही कुणी बघितलं नाही," तूरिया म्हणाली.

"अंघोळ घालणाऱ्या बाया परक्या, त्यांना कार्डावरचं नाव तेवढं ठाऊक. मी पोलिसांना भिऊन गप्प बसले. शेजारणीकडे टीव्ही लागला होता. तुम्ही माझं नाव घेतलंत, सगळ्यांनी हात वर केले, मीही केले. स्वतःसाठीच. तेव्हापासून दुपार झाली की इज्जा दारात येऊन उभी राहते. फडकं, टोपी, कामाचे बूट. आत येत नाही. बोलत नाही. नुसती फोनकडे बघते."

"कुठल्या फोनकडे?"

महजूबानं झग्याच्या खिशातून एक जुना, बटणांचा फोन काढून टेबलावर ठेवला. "तिचा आहे. मातीत पडेल म्हणून घरीच ठेवून जायची. शुक्रवारी तिच्या आईचा फोन येतो, डोंगरातून. म्हातारीला कमी ऐकू येतं. पहिल्या शुक्रवारी उचलला आणि सांगायचं धाडस होईना. ती म्हणाली, इज्जा? मी म्हटलं, हो आई."

खालचा पंप थांबला होता. महजूबा हळूच म्हणाली, "माझं नाव ती मातीत घेऊन गेली आणि तिचं मी वापरतेय. असं कसं चालेल, लल्ला?"

चालवायचा सल्ला मीच दिला. महजूबा खाली उतरल्यावर मी तूरियाला म्हटलं, "समिती होऊ दे, मग कर नाव दुरुस्त. आत्ता बोललीस तर म्हणतील, बाईनं जिवंत माणसावर फातिहा म्हणवून संसदेला फसवलं. सह्या करणारे सह्या काढून घेतील. पुन्हा पिकअप उलटली तर कुणाला तोंड दाखवशील?" पक्षाच्या पुढाऱ्याचाही फोन आला, त्याचंही तेच. तूरियानं ऐकलं. मला अजून वाटतं, मी काही वाईट बोललो नव्हतो.

पण ती राजधानीतून, रबातहून, दोन दिवसांचं कामकाज संपवून परत आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. खांद्यावरची पिशवी न काढताच बसली.

"सी बिहि, संसदेत प्रेक्षकांच्या सज्जात तोंड झाकून कुणाला बसू देतात का?"

"सुरक्षावाले आधी फडकं काढायला लावतील."

"तेच तर," ती म्हणाली. "दोन्ही दिवस बसली होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, टोपी घालून. मंत्री बोलताना त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. बुटांना चिखल होता."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं, जमलं नाही.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर महजूबा फोन घेऊन कार्यालयात आली. एकटीनं तो उचलायची हिंमत तिच्यात उरली नव्हती. फोन वाजला. पलीकडून म्हातारी मोठमोठ्यानं बोलत होती, शब्दन् शब्द आम्हाला ऐकू येत होता. बकरी व्याली. बदाम झोडपायला आलेत. पोरी, तू जेवलीस का?

"हो आई," महजूबा म्हणाली. "जेवले."

"आवाज का असा?"

"धूळ आहे, आई."

तूरियाची नजर दाराकडे होती. दार उघडं होतं आणि जिन्यात कुणी नव्हतं, मी शपथेवर सांगतो. तरी तिनं माणसाला वाट द्यावी तशी आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली. फोन संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "मजुराला त्याचं नाव तरी मिळावं. ते मी देऊ शकत नसेन, तर बाकीच्या हक्कांवर कुठल्या तोंडानं बोलू?"

सोमवारी कार्यालयात मी आणि महजूबा टीव्हीसमोर बसलो. तूरिया उभी राहिली, सगळं सांगितलं. ओळखपत्र कुणाचं, मेली कोण, आणि आपल्याला कळून किती दिवस आपण गप्प बसलो तेही. समोरच्या बाकांवर हसू फुटलं. मंत्र्यांनी या खेपेला पाण्याचा घोट घेतला नाही, मागे रेलून बसले. कुणीतरी ओरडलं, "पुढच्या सोमवारी कुणाला जिवंत करणार?" तूरिया थांबली नाही. "तिचं नाव इज्जा. तिच्या जन्माची नोंद या देशानं केली नाही, मृत्यूचीही केली नाही. तिच्यासाठी..." एवढ्यात दोन मिनिटं संपली आणि माइक गेला. पडद्यावर तिचे ओठ तेवढे हलत होते. तिनं तळवे वर केले. तिच्या आसपासच्या दोन-चार जणांनी केले. मी केले, महजूबानं केले. खालून पंक्चरवाला वर आला होता, त्यानं काळे हात तसेच वर केले.

संध्याकाळपर्यंत सरकारी बाकांवरच्या सह्या गेल्या, समिती बुडाली. पक्षाचा पुढारी फोनवर बरंच काही बोलला, ते लिहिण्यासारखं नाही. तूरियानं महजूबाला सोबत घेऊन पोलिसांत जबाब दिला. आता पुढं काय व्हायचं ते होईल. कबरीवरची पाटी बदलायला मीच रंग घेऊन गेलो. मौकफवरून पिकअप अजून तशाच भरून जातात. हे लिहिताना मला राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

राहिला होता शुक्रवार. "मी बोलते," तूरिया म्हणाली. फोन वाजला तसा तिनं उचलला. संसदेत न अडखळणारी बाई, तिला शब्द सापडेना.

"आई, मी इज्जा नाही. मी तूरिया अमझील, खासदार. मला तुम्हाला सांगायचंय..."

"माहीत आहे," म्हातारी म्हणाली. "सोमवारी दुपारी दारात येऊन उभी राहिली होती माझी पोर. तोंड उघडं होतं तिचं. तेव्हाच कळलं मला."

पलीकडे बकरी ओरडत होती.

"आवाज तिचा नव्हता, ते पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं," म्हातारी पुढं म्हणाली. "कानानं कमी ऐकते, पण आपलं लेकरू ओळखू येत नाही असं होतं का? म्हटलं, कुणीतरी उचलतंय ना, उचलू दे. ती बाई आहे का तिथं, मला 'हो आई' म्हणायची ती?"

तूरियानं फोन पुढं केला. महजूबानं तो दोन्ही हातांनी धरला.

"पोरी, तुझं नाव काय?" म्हातारीनं विचारलं.

"महजूबा," ती म्हणाली. "मी महजूबा, आई."

"जेवलीस का, महजूबा?"