धोंडीबाईने घरपट्टी अडवली

धोंडीबाई धवलारीण होती. धसईच्या आसपास कुठंही लग्न निघालं की मांडवात दिवा लावून बसायचं, देवांना, पितरांना, नवऱ्यानवरीच्या सात पिढ्यांना नाव घेऊन बोलवायचं आणि धवले गात लग्न लावायचं, हे तिचं काम. चाळीस वर्षांत तिनं एवढी नावं घेतली होती की गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचं स्वतःचं नाव मात्र कधी कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. ती सगळ्यांची आते नाहीतर धवलारीण.

अपवाद एकच. बापाला मूलबाळ दुसरं नसल्यामुळे घर तिच्या नावावर आलं होतं आणि नवरा कुंडलिक घरजावई होऊन आला होता. त्याची त्यावरून चिकार थट्टा व्हायची, पण माणूस हसरा होता. तर घर तिचं, म्हणून घरपट्टी तिच्या नावावर, आणि म्हणूनच ग्रामपंचायतीच्या मतदारांच्या यादीतही तिचं नाव. कारकून अनंताने ते वाचून दाखवलं त्या दिवशी तिनं नवऱ्याला शिरा करून घातला. मत द्यायला कोणतं लुगडं नेसायचं तेही ठरवून टाकलं.

आणि निवडणूक तहकूब झाली. इंग्रजांची जर्मनीशी लढाई चालू आहे, असं ठाण्याहून कळलं. पुढच्या वर्षी पुन्हा तहकूब. तिसऱ्या वर्षी घरपट्टीची दवंडी तेवढी वेळेवर आली.

चावडीपुढे गाव जमलं. सरपंच जयराम मनाने वाईट नव्हता, पण सहा वर्षं एका खुर्चीत बसला की माणसाला ती खुर्ची अंगचीच वाटायला लागते. तो म्हणाला, "लढाई संपंल तवा निवडणूक व्हईल. तवर आमीच हाय. सरकारचा हुकूम हाय, माझा नाय."

गर्दीतला बारकू म्हणाला, बरोबर हाय. दुसरा म्हणाला, काय बरोबर हाय? दोघं हमरीतुमरीवर आले. बायकांच्या बाजूने धोंडीबाई उठली तेव्हा सगळे गप्प झाले, कारण गाण्याने कमावलेला तिचा आवाज नदीपलीकडे जायचा.

"जयराम, लढाई चालू हाय म्हनून घरपट्टी थांबली का रे?"

"ती कशी थांबंल आते?"

"मंग मत कशाला थांबलं? ज्या दिशी मत घेशील त्या दिशी घरपट्टी दीन. आदी नाय."

लोक खो खो हसले. निम्म्या गावाने त्याच दिवशी घरपट्टी अडवली. जयरामने मान खाली घालून जप्तीच्या कागदावर सह्या केल्या. कुणाची परात गेली, कुणाची घागर. जप्तीचं माणूस धोंडीबाईच्या घरात शिरलं आणि डोळ्यांत भरला तो पितळी दिवा उचलून चालतं झालं. तिच्या आईचा, आजीचा दिवा. त्या दिव्यापुढेच धवला गायचा, दुसऱ्या दिव्यापुढे नाही, हे मुरबाडपासून वैशाखऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. जयरामलाही ठाऊक होतं. पण त्याने कागद वाचला कुठे होता?

धोंडीबाई त्या रात्री रडली. दिव्यासाठी नाही. "साठी उलटली माझी," ती कुंडलिकला म्हणाली. "लढाई आदी संपल का मी?"

पंधरा दिवसांनी जयरामच्याच मुलीचं, कमळचं लग्न. वैशाखऱ्याहून वऱ्हाड आलं, मांडव भरला. धोंडीबाई मतासाठी ठेवलेलं ते लुगडं नेसून आली, पान लावून घेतलं आणि चौरंगापाशी बसून राहिली.

"आते, सुरू कर गो. येळ चाललीय."

"मी कुटं नाय बोलते? दिवा आन."

तेव्हा जयरामच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचा चेहरा असा उतरला की कमळला मुंडावळ्यांआडून हसू आवरेना. त्याने दिवा आणायला अनंताला चावडीकडे पिटाळला, पण धोंडीबाईने हात आडवा केला.

"जप्तीचा माल घरपट्टी भरल्याबिगर सुटत नाय. तुजीच सही हाय."

"मी भरतो तुजी घरपट्टी!"

"माझी घरपट्टी मीच भरीन. माझं मत मीच दीन."

नवरदेवाचा बाप मोठ्याने हसला. "व्याही, घ्या की मग मत! आमचं वऱ्हाड काय उपाशी मरत नाय तवर."

झालं. मांडवात एकच कल्ला उडाला. असल्या मताला सरकारात काडीची किंमत नाही, हे अनंताने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्याला गप्प बसवलं. शेवटी जयरामने पागोटं सारखं केलं. "गाव नको बोललं तर चावडीची किल्ली उद्या देतो. हो बोललं तर खऱ्या निवडणुकीचा अर्ज घेऊन मी स्वतः ठाण्याला जातो. अनंता, आन ती यादी!"

दोन घागरी मांडल्या. एक जयराम हवा म्हणणाऱ्यांची, एक नको म्हणणाऱ्यांची. लग्नाच्या सुपाऱ्या एकेक वाटल्या. अनंता यादी घेऊन उभा राहिला आणि घरांच्या क्रमाने नावं पुकारू लागला. माणसं उठत, लाजत, हसत सुपारी टाकून येत. बारकू तर दोनदा उठला.

"धोंडीबाई भ्रतार कुंडलिक!"

भरल्या मांडवात तिचं नाव. धोंडीबाई उठली आणि पदर सारखा करत जागीच उभी राहिली. कुंडलिकने हळूच तिची पाठ थोपटली. ती घागरींपाशी गेली, गावाकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि सगळ्यांदेखत आपली सुपारी जयरामच्या घागरीत टाकली.

जयराम बघतच राहिला. "आते! मलाच मत द्यायचं होतं, तर येवढं भांडलीस कशाला?"

"तू नको असं कोन बोललं रे?" धोंडीबाईने कनवटीची गाठ सोडून घरपट्टीची रक्कम त्याच्या हातावर ठेवली. "पर तुला ठेवायचा का नाय, ह्ये तू मला इचारायचं होतंस."