माझ्याखालचा वास

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. मी बोटभर उंचीची, जुनी आणि भारी हेवेखोर अशी अत्तराची कुपी आहे. हेवा करू नये, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. शिकवोत बापडे! त्यांच्या शेजारी कुणी नवीन आणून ठेवलेलं नाही, त्यांचं काय जातंय?

एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याने नरसाळं लावून माझ्यात चंदनाचं अत्तर भरलं. माझ्या काचेच्या बुचाला खाली बारीक काडी आहे. ती दाखवून त्याने समोरच्या मुलीला बजावलं, "थेंबभरच लावायचं, चोळायचं नाही. अंगात मुरू द्यायचं." ती मुलगी म्हणजे माझी मालकीण. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं.

लग्नानंतर मी तिच्याबरोबर नव्या घरी आले. रोज सकाळी ती आरशासमोर उभी राहून काडी कानामागे टेकवायची. नवरा पाठमोरा असला तरी म्हणायचा, "आलीस वाटतं!" पुढे बाळ झालं. ते तिच्या मानेत नाक खुपसून झोपायचं, तेव्हा तर मला आकाश ठेंगणं झालं. हे सगळं माझंच कौतुक, असं मी धरून चालले होते.

बाळ रांगायला लागलं आणि मालकिणीला एका मोठ्या हॉटेलात स्वागताच्या टेबलाशी नोकरी लागली. तिथल्या सगळ्यांनी एकच सेंट मारायचं, असा हॉटेलचा नियम. त्यांनीच बाटली दिली. उंच, निळी, सोनेरी टोपीची. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सवत म्हणतात ती हीच! नुसतं दाबलं की फुस्स. ना थेंबाची किंमत, ना मुरायचा धीर. आणि मला चक्क मागे सरकवलं. माझ्यावर धूळ बसली, तरी कुणाचं लक्ष नाही.

पहिल्या दिवशी मालकीण कामावरून आली, बाळाला घ्यायला हात पुढे केले. बाळाने तिचा वास घेतला, तोंड फिरवलं आणि आजीला घट्ट धरून भोकाड पसरलं.

"अगं बाई, ओळखलंच नाही की तुला!" सासूबाई म्हणाल्या.

मालकिणीने आंघोळ केली, कपडे बदलले. पण वास केसांत बसलेला. बाळ काही दूध पिईना. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी ती रडकुंडीला येऊन नवऱ्याला म्हणाली, "माझंच लेकरू मला परकं समजतंय. असंच चाललं तर मी नोकरी सोडते." नोकरी तिला मनापासून आवडत होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, बरं झालं, आता त्या निळीची हकालपट्टी होणार!

पण सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते जुनं अत्तर लावून बघ की सोबत. पोराला तोच वास माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी मालकिणीने घाईत आधी सेंट मारलं आणि त्याच्यावर मला चोळलं. अरे देवा, काय तो वास झाला! नवरा खिडकी उघडायला धावला, बाळाला शिंका आल्या. तेव्हा तिला अत्तरवाल्याचं बोलणं आठवलं. मग ती आधी मला कानामागे लावून मुरू द्यायला लागली. केस वर बांधून सेंट फक्त गणवेशावर मारायची.

म्हणजे मी खाली आणि ती वर! दिवसभर लोकांनी वाहवा करायची ती तिची. मी आतल्या आत जळत होते. पण संध्याकाळी गणवेश उतरला, सेंट उडून गेलं, आणि बाळाने मानेशी नाक नेऊन जरा हुंगलं. मग गपकन पदराखाली शिरलं. मालकिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी निळीकडे असं काही बघितलं, की विचारू नका. नोकरी वाचली, आणि ती माझ्यामुळे!

मग सुट्टीचा दिवस आला. मालकीण न्हाऊन आली आणि आमच्याकडे न बघताच चटईवर आडवी झाली. ना मी, ना सेंट. मी मनात म्हटलं, आता बाळ रडेल बघा, मग कळेल माझी किंमत.

बाळ रांगत रांगत आलं, तिच्या ओल्या मानेत नाक खुपसलं आणि झोपून गेलं.

मित्रांनो, मी स्वतःला सगळ्यात खालचा थर समजत होते. माझ्याही खाली एक वास होता, तिच्या कातडीचा. सेंटने तो झाकला होता. मी झाकला नाही, माझी कामगिरी एवढीच. आता निळीचा हेवा करावासासुद्धा वाटत नाही.

तेव्हा अत्तर जरूर लावा. बूच घट्ट बसवा, उन्हात ठेवू नका, धूळ पुसत जा. पण थेंबभरच लावा. तुमच्या मानेत नाक खुपसणारं कुणी माझ्यासाठी येत नसतं. हे सांगताना अजूनही माझा जळफळाट होतो.