तिसरा हिवाळा

ओल्द्रिख कुबेशच्या घरात माणसांपेक्षा सापांचे नियम कडक होते. मुलगी ब्लांका अठराव्या वर्षी एका गिटारवाल्याबरोबर राहायला निघून गेली, तेव्हा त्याने नुसते खांदे उडवले होते. पण सापाची मादी तीन हिवाळे तळघरात काढल्याशिवाय नराजवळ जाता कामा नये, यात तडजोड नव्हती. तीन म्हणजे तीन. ऑस्त्रावा या चेक शहरातल्या त्यांच्या आठमजली इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला जाळीची एक खोली होती. शेजारी तिथे बटाटे आणि लोणच्याच्या बरण्या ठेवायचे, कुबेश आपले कॉर्न स्नेक जातीचे साप हिवाळाभर थंडीत झोपवायचा. नोव्हेंबरात डबे खाली, मार्चमध्ये वर. तिसऱ्यांदा वर आलेल्या मादीने कात टाकली की तो तिला अर्धवट मिटलेल्या मुठीतून सरकू द्यायचा आणि हो किंवा नाही, एवढंच सांगायचा.

या मार्चमध्ये डबे ब्लांकाने एकटीने वर आणले. जन्मभर ट्राम चालवलेला आडदांड कुबेश यकृताच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता आणि चाळिशीतली ब्लांका स्वतःचं घर बंद करून त्याच्याकडे राहत होती. अनेश्का या मादीने कात टाकल्यावर ब्लांकाने तिला त्याच्या हातात दिलं. अनेश्का धुरकट राखाडी होती, अंगावर तांबड्याचा ठिपकासुद्धा नाही. हा रंग कुबेश वीस वर्षं पिढ्यान्‌पिढ्या जुळवत आला होता. तिच्याआधीच्या माद्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे आता सगळी भिस्त तिच्यावर. तिच्या पिल्लांत तो रंग उतरलेला एकदा डोळ्यांनी बघायचा, बस, एवढंच त्याचं मागणं होतं.

पण अनेश्काचा हा दुसराच हिवाळा होता.

"बघा ना बाबा, काय भरलीये!"

कुबेशने तिला मुठीतून जाऊ दिलं. "नाही. पुढच्या वर्षी."

"वजन तर पुरेपूर आहे. काट्यावर ठेवून बघितलं मी."

"काटा तू चारलेल्या उंदरांचं वजन सांगतोय. ही नुसती चरबी आहे गं. आत जागा कुठे झालीये अजून? हात लावून बघ, लोण्याचा गोळा."

"मिकेशकाका तर दुसऱ्या हिवाळ्यानंतरच नर सोडतात."

"मिकेशला सगळ्याचीच घाई. लग्नं तीन झाली त्याची." कुबेश हसला आणि हसता हसता खोकला. "पुढच्या मार्चमध्ये बघू. ती काही पळून जात नाही, आणि मीही."

ब्लांका चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली. डॉक्टरांनी सप्टेंबरातच तिला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठून सांगितलं होतं की येता उन्हाळा मिळेल, त्यापुढचा हिवाळा धरून चालू नका. वडिलांना सांगू नका, असं काही ते म्हणाले नव्हते. ते तिचं तिनेच ठरवलं. त्याच आठवड्यापासून तिने अनेश्काला दुप्पट उंदीर चारायला सुरुवात केली होती. आता अंडी धरली तर ऑगस्टमध्ये पिल्लं बाहेर येतील, बाबा बघतील, आणि मग जे व्हायचं ते होईल, असा तिचा हिशेब. मरणाऱ्या माणसाची हौस पुरवायची म्हटली की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते, ब्लांकाचीही गेली.

साप पाळणाऱ्यांच्या संघातल्या मिकेशकाकांना तिने फोन केला. "वजन भरतंय ना? मग दे सोडून. माझ्या बहुतेक सगळ्या निभावल्या," ते म्हणाले. बहुतेक या शब्दापाशी ती थांबली नाही. एप्रिलमध्ये, दुपारी गोळी घेऊन कुबेश झोपला असताना, तिने नराला अनेश्काच्या पेटीत सोडलं. साप काही बोंब मारत नाहीत. शेजारच्या खोलीत म्हाताऱ्याचं घोरणं तेवढं चालू होतं.

मे महिन्यात अनेश्काने खाणं सोडलं आणि ती मागच्या अंगाने फुगली. कुबेश तिला बघायला मागायचा. कधी ती कात टाकतेय, कधी आत्ताच खाल्लंय, ब्लांका थापा मारत राहिली. एके सकाळी ती दुकानातून पाव घेऊन परत आली तर पलंग रिकामा. भिंत धरत धरत तो सापांच्या खोलीपर्यंत गेला होता. अनेश्का त्याच्या मुठीतून सरकत होती आणि एकामागून एक गाठी त्याच्या बोटांखालून जात होत्या. त्या ब्लांकाला दारातूनही दिसल्या.

"नर कोणी सोडला?"

"मी."

आता तो ओरडेल म्हणून ती पिशवी छातीशी धरून उभी राहिली. त्याने मादीला जपून आत सोडलं, काच सरकवली आणि स्टुलावर बसला.

"मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. ऑगस्टमध्ये पिल्लं होतील..."

"ऑगस्ट," तो म्हणाला. "म्हणजे पुढचा मार्च नाही."

ब्लांकाने पिशवी खाली ठेवली.

"डॉक्टर बोलले?"

"हो."

"कधी?"

"सप्टेंबरात."

"आणि तेव्हापासून तू तिला चारतेयस." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी पडल्या पडल्या पुढच्या वर्षाच्या गोष्टी करायचो आणि तू माना डोलवायचीस. गाडी डेपोत चाललीये हे सगळ्यांना माहीत, एका ड्रायव्हरला सोडून."

"तुमच्यासाठीच केलं हो, बाबा."

"मग मला विचारायचंस! तिला विचारता येत नाही म्हणून मूठ वापरावी लागते. मला तोंड होतं ना गं?"

तो आपला आपण पलंगाकडे निघाला. तिने हात पुढे केला, पण त्याने धरला नाही.

जूनमध्ये अनेश्का ओल्या शेवाळाच्या डब्यात शिरली. चार अंडी आली आणि काम थांबलं. तिच्या पोटात बाकीच्या अंड्यांचे उंचवटे दिसत होते. ती अंग पिळायची, थांबायची, पुन्हा पिळायची. मिकेशकाका येऊन तिला कोमट पाण्यात बसवून गेले आणि ब्लांकाच्या नजरेला नजर न देता जिना उतरले. जनावरांच्या डॉक्टरणीने इंजेक्शन दिलं, शेवटी पोट उघडलं. वाट अरुंद आणि भोवती सगळी चरबी, असं तिने हातमोजे काढत सांगितलं. अनेश्का टेबलावरच गेली. घरची चार अंडी पिवळी पडून आत दबली होती. एकातही जीव धरलेला नव्हता.

ब्लांकाने तिला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. कुबेशने टॉवेल उघडून बघितलं. "रंग किती लवकर जातो," एवढंच म्हणाला आणि तिच्यावर टॉवेल पुन्हा ओढला. ब्लांका न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

आणि मग कुबेश मेला नाही. ऑगस्ट गेला, ट्रामच्या रुळांवर पानं पडली, डबे खाली गेले. नाताळला त्याने माशाचं सूप दोनदा मागून घेतलं. दुखणं थबकलंय, का ते आम्हालाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाप जगतोय याचा ब्लांकाला आनंद होता, खराखुरा होता; पण त्याचा एकेक दिवस तिला खोटं पाडत होता, आणि हे कोणाला सांगायचीही तिला लाज वाटायची.

मार्चमध्ये तिने डबे वर आणायला घेतले. कुबेश खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर घोंगडी.

"सगळे नीट आहेत?"

"नीट आहेत."

त्याने खाली ट्रामच्या थांब्याकडे बघितलं.

"अनेश्का आज तयार असती," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर ब्लांकाला सोसला असता.

तुमच्यासाठीच केलं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. या वेळी ती ते बोलली नाही.

"हो बाबा," ती म्हणाली, आणि उरलेले डबे आणायला तळघराकडे गेली.